धरणकाठचे बंगले आणि नर्सबाईंचं अप-डाऊन

नाशिकमध्ये हल्ली जमीन विकायची असेल तर मातीचा पोत कोणी सांगत नाही, पाणी कुठून दिसतं ते सांगतात. गंगापूर रोडने सोमेश्वर ओलांडून गिरणारेकडे निघा, नाहीतर घोटीहून वैतरणेच्या रस्त्याला लागा, फलकांची रांग सुरू होते. 'लेक व्ह्यू', 'बॅकवॉटर टच', 'मुंबईपासून फक्त इतके तास'. चित्रात निळं पाणी, मागे डोंगराची धार, पुढे हिरवळीवर पांढरी खुर्ची. खुर्चीत बहुधा कोणी नसतं. मुंबई-पुण्याचे आयटीवाले लॅपटॉप घेऊन आले की ते त्यात बसणार, अशी कल्पना असावी. 'निसर्गाच्या कुशीत राहा आणि काम करा' हे वाक्य तर इतक्या वेळा छापून झालंय की ते वाचणंही आम्ही सोडलं आहे.

पण त्या कुशीत आधीपासून लोक राहतात आणि काम करतात. जिल्ह्यातल्या धरणकाठाचं नियोजन या लोकांना वगळून चाललं आहे, अशी माझी सरळ तक्रार आहे. इथे काम करणाऱ्या माणसाला इथेच राहता येईल, आणि जमिनीच्या व पाण्याच्या निर्णयात त्याचा शब्द आधी विचारला जाईल, एवढी व्यवस्था होईपर्यंत धरणांच्या काठावर एकाही नव्या बंगला-योजनेला किंवा रिसॉर्टला परवानगी मिळू नये. हे मत टोकाचं वाटेल. तरी ते मांडण्याला कारण आहे.

मुळात नाशिकला काश्मीर किंवा नैनितालसारखे निसर्गाने दिलेले तलाव नाहीत. आपण ज्याला 'लेक' म्हणतो ते प्रत्येक पाणी कोणाच्या तरी शेतावर उभं आहे. दारणा धरण इंग्रजांनी बांधलं, ते १९१६ साली पूर्ण झालं. गंगापूरचं मातीचं धरण स्वातंत्र्यानंतर बांधायला घेतलं आणि ते पूर्ण व्हायला १९६५ उजाडलं. अप्पर वैतरणा सत्तरच्या दशकात झालं. ते नाशिक जिल्ह्यात आहे, पण त्याचं पाणी मुंबई पिते. मुंबईच्या सात तलावांची टक्केवारी पावसाळ्यात रोज बातम्यांत येते, त्यातला हा एक. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला १९७६ मध्ये. म्हणजे ही तिन्ही धरणं झाली तेव्हा जमीन गेलेल्या माणसाच्या हातात मोबदल्याची रक्कम आणि साहेबाचा शब्द याखेरीज फारसं काही पडायची सोय नव्हती. पुढच्या काळातही चित्र फार पालटलं असं नाही. काश्यपी धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांनी महापालिकेतल्या नोकरीच्या आश्वासनासाठी किती वर्षं आंदोलनं केली, हे नाशिकच्या वर्तमानपत्रांचा वाचक सांगू शकेल. नोकरी मागायला शहरात आले की ते 'आंदोलक', आणि धरणातून पाणी सोडायला अडवलं की 'आडमुठे'.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इगतपुरी-त्र्यंबकच्या वाड्या-पाड्यांवर कोणाला समजावून सांगावी लागत नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो काळ्या पाषाणावरून घसरतो, ओढ्यांतून धरणात जातो आणि धरणातून कालव्याने नाहीतर नळाने दूर निघून जातो. होळी झाली की वरच्या पाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात, बायका हंडे घेऊन दरीत उतरू लागतात आणि टँकरचे प्रस्ताव पंचायत समितीत जातात. हे दरसाल होतं. पाणी दिसतं, पण उपसून वर आणायला योजना नाही. योजना आहे तर वीजबिल थकलेलं, आणि बिल भरलं तर मोटर जळालेली. त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावर जलतरण तलाव असलेलं रिसॉर्ट असतं. तिथला तलाव भरायला पाणी कुठून येतं, असं कोणी विचारलं की 'बोअर आहे' एवढं उत्तर मिळतं.

आता धरणकाठचं काम म्हणजे काय ते जवळून पाहू, कारण 'स्थानिक रोजगार' हा शब्द उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं.

दिवाळीनंतर पाणी मागे हटायला लागतं आणि फुगवट्याखालची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. गाळ ओला असतो तोवर हरभरा, गहू, कुठे काकडी-कलिंगड, कुठे नुसता चारा. ही जमीन सरकारची. एक हंगामापुरती ती भाड्याने मिळते आणि नियमाने पहिला हक्क धरणात जमीन गेलेल्यांचा. नियमाने! अर्ज करायचा, पावती घ्यायची, आणि पाण्याशी शर्यत लावायची. पाणी जसं मागे सरकतं तशी मोटर पुढे न्यावी लागते. आज इथे बसवलेली मोटर पंधरवड्यात कोरडी पडते. मग बैलगाडीत किंवा खांद्यावर टाकून ती चिखलातून खाली न्यायची, पाइपाचा आणखी एक तुकडा जोडायचा, केबल वाढवायची. पाइप कमी पडला तर शेजाऱ्याचा मागायचा. आणि टंचाईचं वर्ष असलं की पिण्याचं पाणी राखण्यासाठी काठावरच्या शेतीपंपांची वीज तोडायचा आदेश ठरलेला. पीक फुलोऱ्यात असतं तेव्हाच नेमका तो येतो. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम हे मला मान्य आहे. पण त्या वर्षी शहरातल्या गाड्या धुण्याची केंद्रं आणि काठावरच्या हिरवळी यांच्या नळालाही त्याच दिवशी कुलूप लागतं का, हेही कोणीतरी तपासावं.

मासेमारीचं तसंच. पहाटे दारणेच्या किंवा वैतरणेच्या फुगवट्यावर गेलात तर ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर बांधलेली फळी आणि फळीवर मांडी घालून बसलेला माणूस दिसेल. हाताच्या वल्ह्यांनी तो संध्याकाळी टाकलेलं जाळं ओढत असतो. होडी घ्यायला पैसे नसतात. जाळ्यात कटला-रोहू लागला तर दिवस बरा, नुसती चिलापी लागली तर घरच्या कालवणापुरतं. तलावाचा ठेका संस्थेच्या नावावर असतो आणि संस्था कोणाच्या ताब्यात आहे यावर भाव ठरतो. फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांना हा ट्यूबवाला फार आवडतो. सूर्योदयासमोर त्याची आकृती छान येते म्हणे. त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही, हे त्याच फोटोत दिसतं.

आणि गिरणारे. गंगापूर-काश्यपीच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव टोमॅटोसाठी आणि सकाळच्या मजूर बाजारासाठी ओळखलं जातं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून माणसं येतात, नाक्यावर उभी राहतात. द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या दिवसांत मजुरीचा भाव चढतो, डिपिंग-थिनिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला आणि मणी विरळ करायला, बायकांचे हात लागतात, मग काढणी. 'किती जण? रोज काय? जेवण आहे का?' एवढ्या तीन प्रश्नांत करार होतो आणि पिकअप भरून निघते. नाशिकचं द्राक्ष युरोपात जातं, नाशिकची वाइन मुंबईच्या हॉटेलांत जाते, याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण त्या द्राक्षाला हात लावणारा माणूस हंगामभर बागेच्या कडेला पाल ठोकून राहतो. त्याला भाड्याने मिळेल अशी एक खोली या पट्ट्यात बांधायचं ना बागाईतदाराला सुचतं, ना ग्रामपंचायतीला, ना पर्यटन खात्याला.

राहण्याचा प्रश्न फक्त मजुरांचा असता तर एव्हाना आपण तो त्यांच्याच नशिबावर ढकलून मोकळे झालो असतो. धरणकाठच्या गावातली नर्स, शिक्षक, ग्रामसेवक, वायरमन यांच्याकडे पाहा. बहुतेक सगळे नाशिकहून नाहीतर घोटीहून अप-डाऊन करतात. घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो. तो जोडला जातो, तो कागद आहे हे सरपंचापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि अधूनमधून एखादा अधिकारी कारवाईचा बडगा उगारतो. नर्सबाईंना आळशी ठरवणं सोपं आहे. पण त्यांनी राहायचं कुठे? उपकेंद्राच्या मागच्या क्वार्टरचं छत गळतं, संडासाला दार नाही. गावात भाड्याची खोली नाही. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त होत्या त्याने त्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी 'होम स्टे' केल्या. दोन रात्रींत जे मिळतं ते नर्सबाई महिन्याला देऊ शकत नाहीत. त्याचंही चुकलं म्हणवत नाही. मग नर्सबाई साडेपाचच्या गाडीने परत जातात, आणि पावसाळ्यात रात्री पाड्यावर कोणाला साप चावला किंवा कोणाच्या कळा सुरू झाल्या की आशाताई १०८ ला फोन लावत रेंज शोधत फिरते.

याच गावाच्या हद्दीत बंगल्यांची पूर्ण वस्ती उभी असते. वर्षातले बहुतेक दिवस बंद. मागच्या खोलीत केअरटेकर जोडपं राहतं, रोज सकाळी हिरवळीला पाणी देतं, कुत्र्याला भाकरी घालतं, मालकाचा 'शनिवारी येतोय' असा निरोप आला की पंखे पुसतं. रोजची वापरात असलेली खोली तेवढी एकच, मागची.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: पर्यटन आलं म्हणून निदान चार कामं तरी मिळाली, नाहीतर पोरं नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये कंत्राटी कामाला गेली असती. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. गंगापूर-सावरगाव पट्ट्यात २००० च्या सुमारास वाइन उद्योग उभा राहू लागला, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि त्यानंतर तिथल्या कित्येक घरांत पहिली पगाराची नोकरी आली. हॉटेलात शिकलेली पोरं इंग्रजी बोलू लागली, काहींनी स्वतःचे ढाबे टाकले. भात आणि नागली-वरईवर तगणाऱ्या कुटुंबाला हे लहान नाही. 'आपल्याच जमिनीवर वॉचमन' हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं, पण ज्याने जमीन विकली त्याने ती पुष्कळदा राजीखुशीने विकलेली असते: मुलीचं लग्न, दवाखाना, ट्रॅक्टरचं कर्ज, किंवा सरळ या शेतीत राम नाही म्हणून. शहरातल्या माणसाने आपला फ्लॅट हव्या त्या भावाने विकायचा आणि डोंगरातल्या शेतकऱ्याने मात्र निसर्ग राखत बसायचं, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

माझा आक्षेप पुढे आहे. विक्री एकदाच होते, नजारा मात्र कायम विकला जातो. भातखाचर म्हणून घेतलेला तुकडा बिनशेती झाला की त्याच्या भावात धरणाचं पाणी, समोरचा डोंगर, गावाने राखलेलं रान हे सगळं मोजलं जातं, आणि त्यातला पैसाही मूळ मालकाकडे किंवा गावाकडे येत नाही. आदिवासींच्या जमिनीला महसूल संहितेच्या ३६-अ कलमाचं कुंपण आहे. शासनाच्या मंजुरीशिवाय ती बिगरआदिवासीला विकता येत नाही. हे कुंपण कुठे कुठे फाटलंय ते तलाठ्यापासून एजंटापर्यंत सगळ्यांना माहीत आहे: जमीन एकाच्या नावावर, पैसा दुसऱ्याचा, ताबा तिसऱ्याचा. २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना आपली जमीन खासगी भाडेपट्ट्याने देता येईल अशी घोषणा केली, तेव्हा आदिवासी संघटनांनी विरोध केला. मला भाडेपट्ट्याची कल्पना विक्रीपेक्षा बरी वाटते. मालकी घरात राहते, भाडं दरवर्षी येतं. पण फसवे करार करून तीस वर्षं अडकवणारेही याच वाटेने येणार. म्हणून करारात ग्रामसभा पक्षकार असावी, भाडं दर काही वर्षांनी वाढावं, आणि करार मराठीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. जमिनीचं हस्तांतरण रोखण्याचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलेला आहे. तो वापरणारी ग्रामसभा मात्र शोधावी लागते.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा तलाव-डोंगरांचा प्रदेश आहे. १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१७ पासून जागतिक वारसा. तिथलं थर्लमियर तळं बांध घालून वाढवलं आणि १८९४ मध्ये त्याचं पाणी मँचेस्टर शहराला नेलं. पुढे हॉजवॉटरच्या धरणासाठी मार्डेल नावाचं गाव बुडवलं. आपल्या वैतरणेची गोष्ट, फक्त थंड हवेतली. तिथेही मेंढपाळ, शिक्षक, हॉटेलातले वेटर यांना गावात घर परवडेनासं झालं, कारण घरं सुट्टीपुरती येणाऱ्यांनी घेतली. त्यावर त्यांनी नव्या घरांच्या परवान्यांत अट घालायला सुरुवात केली: हे घर इथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्यालाच. जुन्या घरांना ही अट लागत नाही, त्यामुळे प्रश्न सुटलेला नाही. पण परवान्यात अशी अट घालता येते, आकाश कोसळत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. नाशिकला विकास आराखड्यात सभोवारची धरणगावं घेताना ही एक ओळ घालायला काय हरकत आहे? नव्या योजनेतल्या ठरावीक घरांवर स्थानिक रहिवाशांचा आणि तिथे नेमलेल्या कर्मचाऱ्यांचा हक्क, आणि वर्षातले बहुतेक दिवस बंद राहणाऱ्या बंगल्याला ग्रामपंचायतीची घरपट्टी दुप्पट-तिप्पट.

आपल्याकडे बघायला महाराष्ट्रातलीच उदाहरणंही आहेत, बरी आणि वाईट. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. ऐंशी-नव्वद वर्षांनी त्याच मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठी लवासा हे खासगी शहर उभं राहिलं, अडलं, दिवाळखोरीत गेलं. उलट साताऱ्याच्या कास पठारावर आसपासच्या गावांची समिती वन विभागाबरोबर गर्दी आवरते, शुल्क घेते, गावातल्या पोरांना त्यात काम मिळतं. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला, राज्याच्या पहिल्या रामसर स्थळाला (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेला), चापडगावची पोरं पक्ष्यांची नावं मराठीत आणि इंग्रजीत सांगत पाहुणे फिरवतात. तिथेही तक्रारी आहेत. अभयारण्याच्या नियमांनी शेतकरी वैतागतो, बंधाऱ्यात गाळ साचल्यामुळे पुराचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरतं. तरी दुर्बीण गावच्या पोराच्या गळ्यात आहे, एवढा फरक आहेच.

पाण्याच्या पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक पेटून उठतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक आणि नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश आला तेव्हाही 'आमचं पाणी' अशीच हाक होती. मराठवाडा म्हणतो, समन्यायी वाटपाचा कायदा आहे. नाशिक म्हणतं, उगमाचा हक्क आमचा. बरं, उगमाचा हक्क हा युक्तिवाद खरा असेल तर तो नाशिकच्या महापालिका हद्दीवर येऊन का थांबतो? गंगापूरच्या वर गावं आहेत, काश्यपीच्या वर पाडे आहेत. महापालिका पाटबंधारे खात्याला पाण्याचे पैसे भरते, मुंबईसुद्धा भरते. त्यातला ठरावीक हिस्सा काठावरच्या ग्रामपंचायतींच्या खात्यात थेट जावा, आणि तो फक्त दोन गोष्टींसाठी खर्च व्हावा: पाड्यांची पाणी योजना चालू ठेवणं आणि राहण्यायोग्य क्वार्टर. यात नवीन कर नाही. भरलेल्या पैशाची वाट तेवढी थोडी वाकवायची आहे. पाटबंधारे खातं नाही म्हणेल, ते सवयीने म्हणतं. लोकप्रतिनिधींनी जायकवाडीच्या वेळी दाखवलेला आवाज इथेही लावून बघावा.

सांडपाण्याबद्दल एकच. काठावरच्या प्रत्येक हॉटेलचं मैलापाणी शेवटी आपल्याच पिण्याच्या धरणात उतरणार आहे. त्यासाठी पर्यावरणप्रेमी असायची गरज नाही, नाशिकचा नळ उघडणारा माणूस असणं पुरे.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्र्यंबकचे रस्ते रुंद होतायत, समृद्धीमुळे मुंबई आणखी जवळ आली आहे, आणि जमिनीचे दर सांगताना एजंट आता 'कुंभच्या आधी घ्या' म्हणतात. सिंहस्थाच्या आराखड्यात घाट आहेत, पूल आहेत, पार्किंग आहे. गंगापूर ते त्र्यंबक या पट्ट्यातल्या आरोग्य उपकेंद्रांना राहती क्वार्टर आणि हंगामी मजुरांना भाड्याच्या खोल्या हे काम त्यात घालायला अजून वेळ आहे. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी हा ठराव मांडावा. सूचक म्हणून धरणकाठच्या गटातल्या सदस्याचं नाव असावं आणि अनुमोदक नाशिक शहराला लागून असलेल्या गटातला.